चुन्यातील ठसा, हृदयातील वारसा

मालवणच्या धक्क्यावरून होडी सुटते आणि कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग हळूहळू मोठा होऊ लागतो. १६६४ साली शिवरायांनी त्याची पायाभरणी केली. महादरवाजातून आत गेल्यावर तटावर एक लहानशी घुमटी दिसते. महाराजांच्या हाताचा म्हणून पूजला जाणारा, चुन्यात उमटलेला ठसा तेथे आहे. ज्येष्ठ वाचकहो, तेथवरच्या पायऱ्या सावकाश चढा. दम नेहमीपेक्षा अधिक लागला, तर 'वय झाले' म्हणून तो सोडून देऊ नका.

त्या ठशापुढे उभे असताना मनात येते, की पूर्वजांचे काही ठसे आपल्या देहातही असतात. हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाची घडण ज्या जनुकावर अवलंबून असते, त्याचे नाव एमवायबीपीसी३. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील डॉ. कुमारसामी थंगराज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले, की भारतात शंभरातील सुमारे चार जणांच्या या जनुकातून सलग २५ अक्षरे गळालेली असतात. हा बदल सुमारे ३३ हजार वर्षांपूर्वीचा असावा, असा त्यांचा अंदाज आहे.

यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. हा बदल असलेले अनेकजण आयुष्यभर निरोगी राहतात. मात्र काहींच्या हृदयाचा स्नायू जाड होतो किंवा सैलावून पसरतो. वयाबरोबर हा धोका वाढतो. याच जनुकातले व इतर जनुकांतले काही विरळ बदल अधिक घातक असतात. आईवडिलांपैकी एकाकडे असा बदल असल्यास तो प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी.

आपल्या घरांत भिंतीवरच्या तसबिरींबद्दल एवढेच सांगितले जाते: 'झोपेतच गेले', 'शेतात चक्कर येऊन पडले'. पुढे लेकीची सोयरीक अडेल या भीतीने तेही बोलणे थांबते. परंतु तरुण वयातला अकस्मात मृत्यू, श्रम करताना येणारी मूर्च्छा, छातीतली धडधड, पायांवरची सूज ही माहिती डॉक्टरांच्या दृष्टीने मोलाची असते. घरात एकाला हा आजार निघाला, तर त्याच्या भावंडांनी व मुलांनी ईसीजी आणि टूडी इको करून घ्यावा. या तपासण्या वेदनारहित आहेत. जनुकीय चाचणी करावी की नाही, हे हृदयरोगतज्ज्ञ सांगतील.

शुश्रूषा करणाऱ्यांनो, परतीच्या होडीत आजीआजोबांच्या शेजारी बसा आणि विचारा: आपल्या घरात कोण, कोणत्या वयात, कसे गेले? त्यांनी सांगितलेली नावे त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवा आणि पुढच्या तपासणीला ती वही बरोबर न्या. चुन्यातला ठसा घुमटीने जपला आहे. घराण्याची ही हकीकत मात्र केवळ त्यांच्या आठवणीत उरली आहे.