हजेरीचा गोषवारा

महिनाअखेरीस हजेरीपटात गोषवारा काढावा लागतो. वीस वर्षे काढते आहे. मागची बेरीज पुढे ओढायची, दर वेळी जूनपासून मोजत बसायचे नाही. (उर्दू उजवीकडून लिहितो, आकडे मात्र डावीकडून, नव्या शिक्षकांची यात तारांबळ उडते, ते असो.)

भाच्याने आमच्या शाळेसाठी पोस्टग्रेसमध्ये हजेरीची सोय करून दिली. अकराशे मुले, आठ तास, 220 दिवस. वर्षाला 19,36,000 ओळी. पहिल्या वर्षी अहवाल चटकन निघे. तिसऱ्या वर्षी यादी मागून चहा पिऊन यावे लागे, आणि मशीन एकच असल्याने तेवढा वेळ वर्गांतली हजेरीही रखडे.

रमजानमध्ये तरावीहनंतर तो लॅपटॉप घेऊन बसला. ‘एक्सप्लेन’ने दाखवले, की अख्खे टेबल पहिल्या ओळीपासून वाचले जातेय. तारखेवर इंडेक्स होता. पण क्वेरीत प्रत्येक तारखेतून महिना काढून तुलना केलेली, म्हणून तो वापरलाच जात नव्हता. ‘1 जानेवारी ते 31 जानेवारी’ असे लिहिताच मासिक अहवाल सुटला.

“मग सगळ्याच रकान्यांवर इंडेक्स लाव ना.”

“नको खाला, प्रत्येक नव्या ओळीबरोबर तेही लिहावे लागतात. हजेरी आणखी रखडेल. आणि वर्षाची टक्केवारी काढायची तर वर्षभराच्या सगळ्या ओळी वाचाव्याच लागणार.”

“अरे, मग गोषवारा ठेव की!”

तो हसला आणि तेच केले. रोज रात्री त्या दिवसाची बेरीज वेगळ्या टेबलात: मुलामागे दिवसाला एकच ओळ. वर्षाला 2,42,000. यादी क्षणात येऊ लागली.

त्या यादीवरून फी-मदतीची नावे जायची होती. अट 75 टक्क्यांची. आठवीतली माझी एक मुलगी 74 वर. तिला टायफॉइड झाला होता; डॉक्टरांचा दाखला उशिरा आला, तेव्हा ते दिवस वगळून जुन्या नोंदी मीच दुरुस्त केल्या होत्या. मूळ टेबल बदलले, गोषवारा तसाच राहिला. माझ्या कागदी पटावर 79 दिसत होते, म्हणून कळले. पट नसता तर?

आता जुनी नोंद बदलली की तो दिवस खुणेत जातो आणि रात्री पुन्हा मोजला जातो. आणि माझ्या हट्टाने, पैशांची यादी बाहेर जाण्याआधी शाळा सुटल्यावर एकदा मूळ ओळींवरून काढायची. तेव्हा वेळ लागतो. लागू दे. त्या संध्याकाळी लागला, तिचे नाव गेले. तिला यातले काही ठाऊक नाही. गणिताला अजूनही दांडी मारते.