शेवग्यामागचं आभाळ

लाखनी, आषाढातली सकाळ. रात्रभर पाऊस. सांदवाडीत चिखल, म्हणून स्टूल मागच्या पडवीत ओढलं. काल विटकरी दिसणारी भिंत आज भिजून जांभळट झालीय. कागद ओला केला, अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळून शेवग्यामागचं आभाळ घातलं. उन्हाळ्यात रंगाचा हा हात ब्रश फिरेपर्यंत सुकतो; आज वीस मिनिटं झाली तरी ओलाच. तेवढ्यात पन्हळीवरून चार थेंब उडाले आणि आभाळात चार पांढुरकी फुलं उमटली. आधी शिवीच आली तोंडात. मग फुलं राहू दिली. पुसायला गेलो असतो तर कागदच सोलला असता.

हिरव्याचं मात्र जमत नाही. कुंपणापलीकडे बांधीत धानाचे पऱ्हे आहेत. रोवणीआधीचा तो पोपटी ट्यूबमधून निघतच नाही. पिवळा वाढवला की खोटा वाटतो.

चित्रकार रझा आठवले. मंडल्याकडच्या रानात वाढले, नागपुरात चित्रकला शिकले, १९५० मध्ये फ्रान्सला गेले. तरी कॅनव्हासवर रान येतच राहिलं. मी तर लाखनीबाहेर फारसा गेलोच नाही.

ऊन पडलं. भिंत परत विटकरी व्हायला लागलीय, आणि कागदावरची माझी अजून अर्धीच जांभळी झालीय.