बिलातली सूट आणि रिटर्नमधली सूट

‘इलेक्ट्रिक गाडी घेतली की इन्कम टॅक्समध्ये दीड लाख सुटतात’ हे वाक्य यवतमाळात मी इतक्यांदा ऐकलंय की ते उलगडून सांगणं हा माझ्या कामाचाच भाग झालाय. मी सनदी लेखापाल. माझ्याकडे जिल्हा परिषदेचे शिक्षक येतात, डॉक्टर येतात, जिनिंगवाले आणि कृषी केंद्रवाले येतात. त्यांच्यासोबत एखादा शेतकरी भाऊ किंवा साडूही असतो.

ही सूट आली जुलै २०१९च्या अर्थसंकल्पातून, आयकर कायद्याच्या कलम ८०ईईबीने. दीड लाख गाडीच्या किमतीतून कमी होत नव्हते, करातूनही नाही. कर्जावर भरलेलं व्याज, वर्षाला दीड लाखापर्यंत, करपात्र उत्पन्नातून वजा होत होतं. दहा लाखांचं कर्ज, ९ टक्के दर, सात वर्षांची मुदत धरा. पहिल्या वर्षाचं व्याज साधारण ८५ हजार. वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे त्यावर वाचतात साडेसतरा हजार. सातही वर्षांची बेरीज केली तर ७३ हजारांच्या आसपास, तेही दरवर्षी थोडेथोडे आणि रिटर्न भरल्यावर.

एक शिक्षक जुलैमध्ये व्याजाचा दाखला घेऊन आले. दाखला त्यांच्या पतसंस्थेचा होता. पगारातून हप्ता कापला जातो, जामीनदार सोबतचेच असतात, कर्ज चार दिवसांत हातात पडतं. आपल्याकडचा नोकरदार आधी पतसंस्थेतच जाणार. पण कायद्याला कर्ज बँकेचं किंवा ठरावीक वित्त कंपनीचंच हवं होतं. सरांना सूट मिळाली नाही. कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आमच्यासारख्या जिल्ह्यातला कर्जदार नव्हता, हे मला तेव्हा फार लागलं.

दारव्ह्याकडच्या एका कापूस उत्पादकाने तर सरळच विचारलं, “साहेब, मास्तरले सूट हाये म्हनते, मंग मले किती भेटन?” शेतीचं उत्पन्न करमुक्त. ज्याला करच नाही त्याला करातली सूट कुठून देणार? म्हणजे कापसाचे पैसे हाती आल्यावर रोखीने गाडी घेऊ शकणारा माणूस या योजनेच्या बाहेरच राहिला. ३१ मार्च २०२३ नंतर मंजूर झालेल्या कर्जांना ती सूट तशीही नाही. जुन्या कर्जदारालाही ती फक्त जुन्या करप्रणालीत चालते, आणि १२ लाखांपर्यंत कर नाही म्हटल्यावर शिक्षक मंडळी नव्या प्रणालीत गेली आहेत.

खरा फरक पडतो तो ऑन रोड किमतीत. १२ लाखांच्या पेट्रोल गाडीवर राज्याचा एकरकमी वाहन कर १२ टक्के, म्हणजे १ लाख ४४ हजार. इलेक्ट्रिकला माफ. हे पैसे पहिल्याच दिवशी वाचतात, शिक्षकाचे वाचतात तसे शेतकऱ्याचेही. राज्याच्या २०२१च्या धोरणात पहिल्या दहा हजार गाड्यांना बॅटरीच्या क्षमतेनुसार दीड लाखापर्यंत प्रोत्साहन होतं. तेही रिटर्नवर अवलंबून नव्हतं. स्कूटरचं उदाहरण आणखी बोलकं आहे. केंद्राने जून २०२३पासून इलेक्ट्रिक वाहनांसाठीच्या फेम-२ योजनेचं अनुदान कापलं. मे महिन्यात देशात लाखावर इलेक्ट्रिक दुचाकी खपल्या होत्या. जूनमध्ये आकडा निम्म्याच्याही खाली आला.

अमेरिकेतला अनुभवही हाच. तिथल्या हायब्रिड गाड्यांवर गॅलाघर आणि म्युलेगर यांचा २०११चा अभ्यास आहे. तितक्याच रकमेची विक्रीकर माफी आयकर सवलतीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त गाड्या विकते, असं त्यात दिसलं. पुढे २०२४मध्ये तिथे ७,५०० डॉलरची कर सवलत डीलरकडेच किमतीतून वळती करायची सोय झाली. ती सवलत ३० सप्टेंबर २०२५ला बंद झाली.

आयकराचा एक भाग मात्र आमच्याकडे खरोखर गाडी विकतो. तो म्हणजे घसारा. व्यवसायासाठी घेतलेल्या साध्या कारला १५ टक्के, इलेक्ट्रिकला ४० टक्के. १५ लाखांच्या गाडीवर पहिल्या वर्षी सव्वादोन लाखांऐवजी सहा लाख खर्ची पडतात. डॉक्टर आणि जिनिंगवाले हे गणित कागदावर मांडल्याबरोबर विचारात पडतात. गाडी वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा निम्मा. २०२५मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता, म्हणून दसऱ्याची गाडी पूर्ण घसाऱ्यात बसली. धनत्रयोदशीची बसली नाही. मुहूर्तासाठी थांबू इच्छिणाऱ्यांना मी हे आधीच सांगून ठेवलं होतं.

बिलातला फरक मात्र आता घटलाय. २०२५च्या घटस्थापनेला, २२ सप्टेंबरला, छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी उपकरासह २९वरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकचा ५च राहिला. आधी २४ टक्क्यांचं अंतर होतं, आता १३ उरलं. राज्याने समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ केला ते चांगलंच, पण समृद्धी आमच्या जिल्ह्यातून जात नाही. उमरखेड-पुसदच्या माणसाला त्याचा काय उपयोग?

व्याजातच मदत करायची असेल तर नमुना घरातच आहे. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत वेळेवर पीक कर्ज फेडणाऱ्याला व्याजाची सवलत मिळते. रिटर्न कोणी विचारत नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जालाही सवलत अशीच थेट व्याजदरात द्यावी आणि पतसंस्थांना त्यात घ्यावं. पुढचं धोरण लिहिणाऱ्यांनी एवढं एक कलम घालावं, ही माझी मागणी आहे.