तारखेची रुजवात

बँकेच्या वसुली खात्यात ज्याने उभी हयात घालविली त्याला रकमेपेक्षा तारखेची धास्ती अधिक वाटते, असे म्हटले तर वाचकांना नवल वाटेल. परंतु रकमेतील चूक कर्जदार तत्काळ ओळखतो, तिच्यावरून भांडतो आणि बहुधा जिंकतोही, उलट तारखेतील चूक वर्षानुवर्षे दप्तरात निमूट पडून राहते आणि नव्या कर्जाची खरी निकड ज्या दिवशी भासते नेमक्या त्याच दिवशी त्याच्यापुढे उभी ठाकते. निवृत्तीनंतर ओळखीच्या मंडळींचे पतअहवाल तपासून देण्याचे काम मी हौसेने करतो. येणाऱ्या प्रत्येकाचा आग्रह एकच असतो : ‘सिबिलवरची तेवढी नोंद काढून द्या.’ ते माझ्या हाती नाही, आणि असते तरी मी केले नसते. कारण खरोखर थकलेला हप्ता ही घडलेली गोष्ट आहे. ती केव्हा घडली आणि केव्हा संपली हे मात्र यथातथ्य लिहिले गेले पाहिजे, आणि तेवढ्यापुरते भांडण मला न्याय्य वाटते.

सिबिल ही संस्था २००० साली मुंबईत स्थापन झाली आणि पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ सालचा. आज अशा कंपन्या चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. लोकांची समजूत अशी की, या कंपन्या आपल्यावर निवाडा देतात. वस्तुतः बँकेने पाठविलेला मजकूर त्या जतन करतात, त्यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यानचा गुणांक काढतात, आणि बँकेच्या संमतीवाचून त्यातील एक अक्षरही बदलू शकत नाहीत. अहवालात प्रत्येक कर्जखात्यापुढे ३६ महिन्यांची चौकट असते व हप्ता किती दिवस थकला तो आकडा महिन्यागणिक तीत लिहिलेला असतो. दहा वर्षांपूर्वीची थकबाकी आणि गतवर्षीची थकबाकी यांची रक्कम एकच असली तरी कर्ज देणाऱ्याच्या नजरेत त्यांचे वजन एक नसते. म्हणूनच तारीख सरकली की माणसाची पत सरकते.

थकबाकीची गणना कशी करावी याविषयी बँकांतही पूर्वी एकवाक्यता नव्हती. २०२१ च्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने उदाहरण देऊनच खुलासा केला : हप्त्याची मुदत ३१ मार्चची असेल आणि त्या दिवसाचा हिशेब मिटेपर्यंत पूर्ण रक्कम आली नाही, तर खाते ३१ मार्चलाच थकीत, ३० एप्रिलला आणि पुन्हा ३० मे रोजी त्याची इशाऱ्याची पायरी बदलते, आणि २९ जूनला ते अनुत्पादक ठरते. तीन महिने म्हणजे ३० जून असे बोटे मोजून सांगणाऱ्या कर्जदाराचा येथेच एक दिवस चुकतो. कारण नियम महिने मोजत नाही, दिवस मोजतो.

माझ्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. पत्नीच्या दुखण्यापायी त्यांचे वैयक्तिक कर्ज २०१४ साली थकले. पुढे बँकेने अशा कर्जांचा एक गठ्ठाच मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकला, आणि त्या कंपनीकडे २०१९ साली पैन् पै भरून गुरुजींनी बेबाकी दाखला घेतला. मुलाच्या गृहकर्जाला सहअर्जदार म्हणून २०२४ साली सही करण्याची वेळ आली तेव्हा अहवालात एकाच कर्जाची दोन खाती निघाली : मूळ बँकेचे, ज्यात येणे बाकी अद्याप उभी होती, आणि कंपनीचे, ज्यात खाते बंद झाल्याची तारीखच कोणी न कळविल्यामुळे थकल्याचे दिवस २०२२ पर्यंत वाढतच गेले होते.

गुरुजींनी स्वतः अर्ज केला होता. ‘माहिती चुकीची आहे, दुरुस्त करावी,’ एवढाच त्यातला मजकूर. आणि संबंधित संस्थेने माहिती बरोबर असल्याचे कळविले आहे, असे ठरीव उत्तर आले. मोघम कैफियतीला मोघमच जबाब मिळतो, हा माझा चाकरीतला अनुभव. आम्ही दुसरा अर्ज केला तो एकाच कागदावर : अहवालातील तारीख, तिच्यासमोर खातेउताऱ्यातील किंवा पावतीवरील तारीख, आणि तिच्यासमोर जोडलेल्या कागदाचा क्रमांक. हा अर्ज पतमाहिती कंपनीकडे तर पाठविलाच, पण बँक आणि पुनर्रचना कंपनी यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडेही पाठवून त्याची पोच घेतली. आणि ३० दिवसांत तक्रारीचा निकाल न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा जो नियम एप्रिल २०२४ पासून अमलात आला आहे, त्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत, आवाज न चढवता, केला. तीन आठवड्यांत दोन्ही खाती बंद दिसू लागली आणि २०१९ नंतरची चौकट निरंक झाली.

२०१४ ते २०१९ ची नोंद मात्र राहिली. गुरुजी किंचित हिरमुसले, आणि भिंतीवरच्या जाहिरातींतून ‘सिबिल साफ करून मिळेल’ असे सांगणाऱ्या एका दलालाचा क्रमांक त्यांनी मला दाखविला. असे दलाल आगाऊ पैसे घेतात आणि जो अर्ज कोणालाही फुकट करता येतो तोच करतात. खरी नोंद पुसण्याची सत्ता त्यांच्यापाशी नाही. माझे आजोबा पेढीवर रोजकीर्द लिहीत, आणि चुकलेला आकडा न खोडता त्याची उलट नोंद करून खाली सही करीत, त्यामुळे चूक आणि दुरुस्ती दोन्ही वाचता येत. संगणकातल्या दुरुस्तीचा असा मागमूस उरत नाही, तेव्हा जुना अहवालही छापून जपून ठेवा, असे मी गुरुजींना बजावले. ३० दिवस उलटूनही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला शुल्क नाही. गुरुजींवर ती वेळ आली नाही.

वाचकांना विनंती इतकीच की, जानेवारी २०१७ पासून चारही कंपन्यांकडून वर्षाला एक संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, तो मागवावा, आणि गुणांकाकडे जाण्यापूर्वी तारखांचे रकाने आपल्या पावत्यांशी ताडून पाहावेत. हे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असे मोजले जाते. दिवाळीचा फराळ आटोपल्यावरही त्या वर्षाची प्रत मागवायला वेळ असतो.