वेगाचे वारस

इंग्लंडच्या मध्यभागातील स्टोक-ऑन-ट्रेंट हे चिनी मातीच्या भांड्यांचे शहर. साहित्याच्या अभ्यासकाला ते ठाऊक असते अर्नोल्ड बेनेटच्या कादंबऱ्यांमुळे. तिथल्या सहा गावांची त्याने आपल्या कथाविश्वात पाच करून टाकली. याच शहरात १९७७ मध्ये 'डिस्चार्ज' हा पंक बँड सुरू झाला. पहिली दोन वर्षे त्याच्यात वेगळे असे काही नव्हते. सेक्स पिस्टल्सच्या वळणाने जाणारे अनेक बँड तेव्हा ब्रिटनच्या गावोगावी होते, त्यांतलाच हा एक. पुढे गाणारा टेरी रॉबर्ट्स ड्रमकडे गेला, त्याच्या जागी केल्विन मॉरिस ऊर्फ कॅल गायला उभा राहिला, आणि १९८० च्या 'रिअ‍ॅलिटीज ऑफ वॉर' या छोट्या तबकडीपासून बँडचा ध्वनी पूर्णतः पालटला. तो वेगवान झाला, जड झाला आणि त्यातली सुरावट जवळजवळ नाहीशी झाली. या पालटाला श्रोत्यांनी जो प्रतिसाद दिला, आणि सहा वर्षांनंतरच्या दुसऱ्या पालटाला जो दिला, त्या दोहोंमध्ये ग्रहणसिद्धान्ताला अडचणीत टाकणारे बरेच काही आहे.

हा पालट नेमका कशात होता हे आधी पाहिले पाहिजे, कारण 'वेगवान' आणि 'जड' ही विशेषणे चाहते फार सैलपणे वापरतात. सर्वसाधारण रॉकमध्ये चार मात्रांच्या आवर्तनात पायाने वाजवायचा मोठा ड्रम पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर पडतो, हाताखालचा कर्कश ड्रम दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर. डिस्चार्जने हा सरळ हिशेब मोडला. मोठ्या ड्रमचे ठोके मात्रांच्या मधल्या फटींत सरकले; त्यामुळे लय नुसती धावत नाही, पाठीमागून कोणीतरी ढकलावे तशी पुढे जाते. यालाच पुढे 'डी-बीट' हे नाव पडले, आणि त्यातला 'डी' याच बँडच्या नावाचा. गिटार दोन-तीन जाड स्वरसमूहांवर घुटमळते आणि तिचा गोंगाट कुठेच विरळ होत नाही. म्हणजे वेग ड्रमने दिला आणि वजन गिटारने. १९८२ च्या 'हिअर नथिंग सी नथिंग से नथिंग' या मोठ्या तबकडीवर ड्रम वाजवणारा टेरी रॉबर्ट्स नाही, गॅरी मलोनी आहे. तरी ती लय तीच आहे. निर्मात्या हातापासून ती इतक्या लवकर सुटी झाली होती, ही गोष्ट पुढच्या विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

शब्दांचेही तेच झाले. कडवे-ध्रुपदाची रचना आक्रसली आणि दोन-चार ओळींची, पुनःपुन्हा ओरडून सांगितलेली विधाने उरली. विषय एकच: युद्ध, विशेषतः अणुयुद्ध. त्यांच्या एका गाण्याचे शीर्षक 'प्रोटेस्ट अँड सर्व्हाइव्ह' असे आहे. ते इतिहासकार ई. पी. टॉम्सन यांच्या १९८० मधील पुस्तिकेचे. आणि ती पुस्तिका म्हणजे अणुहल्ल्यात स्वतःचा बचाव कसा करावा हे नागरिकांना शिकवणाऱ्या 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह' या सरकारी पत्रकाला दिलेले उत्तर. 'नेव्हर अगेन'च्या वेष्टनावर जॉन हार्टफील्डचे संगिनीत खुपसलेले कबुतर आहे. नाटोने डिसेंबर १९७९ मध्ये युरोपात नवी अमेरिकी क्षेपणास्त्रे आणण्याचा निर्णय घेतला होता, आणि हल्ल्याची सूचना मिळाल्यापासून स्फोटापर्यंत चार मिनिटे हाती असतील हे गणित ब्रिटनमध्ये शाळकरी पोरांनाही पाठ होते. १९८२ च्या त्या तबकडीवर चौदा गाणी आहेत आणि ती अर्ध्या तासाच्या आत संपतात. चार मिनिटांच्या या हिशेबात त्यांतली दोन गाणी सहज बसतात. बँडने हा हिशेब मांडून वेग वाढवला असे म्हणण्याला काही आधार नाही. पण त्या काळच्या श्रोत्याला तो वेग कृत्रिम का वाटला नाही, याचे उत्तर इथे शोधावे लागते.

बाहेरच्यांचे आक्षेप अपेक्षित होते: सगळी गाणी सारखीच, शब्द कळत नाहीत, हे संगीत नव्हे. आक्षेपांची ही जात मराठी वाचकाला अनोळखी नाही. 'शिशिरागम' (१९३९) लिहिणारा कवी 'काही कविता' (१९४७) घेऊन आला तेव्हा दुर्बोधतेचा जो गिल्ला झाला, त्यातही कवितेतली गोडी गेली ही तक्रार होतीच. फरक आहे तो आतल्या श्रोत्यांच्या बाबतीत. डिस्चार्जचे चाहते हे आक्षेप खोडून काढीत नाहीत. त्यांना ते तपशिलासह मान्य असतात आणि त्यांतच ते गुण पाहतात. गाणी सारखी आहेत, कारण सांगायची गोष्ट एकच आहे. शब्द कळत नाहीत, कारण सांगणाऱ्याला उसंत नाही. टीकाकाराने दोष म्हणून दाखवलेले प्रत्येक लक्षण चाहता तसेच्या तसे उचलतो आणि त्याचे चिन्ह बदलतो. स्टॅन्ली फिशने 'इज देअर अ टेक्स्ट इन धिस क्लास?' या ग्रंथात मांडलेला अन्वयार्थी समूह याहून स्वच्छ रूपात क्वचितच भेटेल. तो ग्रंथही १९८० चाच.

हान्स रोबेर्ट याऊसची मात्र इथे पंचाईत होते. १९६७ च्या कॉन्स्टान्झ येथील व्याख्यानापासून त्याने असे मांडले की कलाकृती आणि श्रोत्याचे अपेक्षाक्षितिज यांच्यातील अंतरावरून तिची कलात्मकता जोखता येते. क्षितिज मोडणारी कृती श्रेष्ठ, ते निमूटपणे भरून देणारी रंजनपर. डिस्चार्जच्या पहिल्या पालटाने क्षितिज मोडले यात शंका नाही. तरीही ज्यांनी तो स्वीकारला त्यांनी तो धक्का म्हणून स्वीकारला नाही. पंकने १९७७ मध्ये जे कबूल केले होते ते आता कुठे कोणी पाळले, अशी ती भावना होती. मोठ्या कंपन्यांशी करार करून मवाळ झालेल्या, किंवा कलात्मक प्रयोगांकडे वळलेल्या आधीच्या बँडांच्या तुलनेत हा वेग त्यांना मूळपदावर येण्यासारखा वाटला. बँडने आपल्या ध्वनीत भर घातली असे नव्हे, अनावश्यक ते काढून टाकले, असे चाहत्यांचे आकलन होते. क्षितिज मोडणारी कृती ही क्षितिजाचीच पूर्तता म्हणून अनुभवली जाऊ शकते, याची सोय याऊसच्या मांडणीत नाही. ती तबकडी ब्रिटनच्या खपाच्या यादीत चाळिसाव्या क्रमांकापर्यंत गेली.

पण चाहत्यांच्या मतांचा अभ्यास करताना एक अडचण सतत येते. जे राहतात त्यांचीच मते नोंदली जातात. ज्याला नवा ध्वनी रुचला नाही तो वाद घालीत बसत नाही, यायचा बंद होतो. आणि त्याच्या न येण्याचा दस्तऐवज नसतो. स्टोकच्या बाबतीत तो शोधणे कठीण आहे, पण याच सुमारास लॉस एंजेलिसमध्ये जे घडले त्याची साक्ष उपलब्ध आहे. तिथे १९७७ ते १९७९ या काळातल्या हॉलिवुडच्या पंक वर्तुळात स्त्रिया मोठ्या संख्येने आणि मध्यभागी होत्या: 'बॅग्ज'ची अ‍ॅलिस बॅग, 'एक्स'ची एक्सीन सर्व्हेंका, 'जर्म्स'ची बेसवादक लॉर्ना डूम. १९८० च्या आसपास किनाऱ्यावरच्या उपनगरांतून अधिक वेगवान बँड आले, आणि त्यांच्याबरोबर एकमेकांवर आदळत नाचणारी पोरे आली. रंगमंचापुढची जागा अंगात रग असणाऱ्यांची झाली. पेनेलपी स्फीरिसच्या १९८१ च्या 'द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन' या माहितीपटात हे दोन्ही समूह एकाच चौकटीत दिसतात, आणि अ‍ॅलिस बॅगने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात तो पालट आतून सांगितला आहे. वेग वाढतो तेव्हा केवळ लय बदलत नाही. कोण कुठे उभे राहू शकेल हेही बदलते. 'आता खरे पंक सुरू झाले' हे मत ज्यांनी दिले त्यांच्यात मागच्या भिंतीशी ढकलले गेलेले कितीसे असणार? वेगाच्या बाजूने बोलणाऱ्या चाहत्याच्या प्रामाणिकपणाविषयी संशय घेण्याचे कारण नाही. पण त्याच्या मताला 'श्रोत्यांचे मत' म्हणताना अभ्यासकाने थबकले पाहिजे.

डिस्चार्जच्या राहिलेल्या श्रोत्यांनी पुढे जे केले ते विलक्षण आहे. त्यांनी त्या ध्वनीचे शास्त्र बनवले. स्वीडनमध्ये 'अँटी सिमेक्स' आणि 'मॉब ४७' यांनी ती लय उचलली. पुढे तर 'डिस' या उपसर्गाची नावे धारण करणाऱ्या बँडांची रांगच लागली: 'डिसफिअर', 'डिसचेंज', जपानमध्ये 'डिसक्लोज'. लय तीच, ओळी तितक्याच तोकड्या, वेष्टनावर तशीच काळीपांढरी युद्धचित्रे. या अनुकरणाला कोणी वाङ्मयचौर्य म्हणत नाही, कारण त्यात लपवाछपवी नाही. उपसर्गच पावती देतो. एखाद्या कवीच्या छंदावर त्याच्या हयातीतच इतरांची वहिवाट लागावी तसा हा प्रकार. छंद एकदा सार्वजनिक झाला की तो मोडण्याचा अधिकार पहिल्या कवीलाही उरतो का, हा प्रश्न त्यातून निघतो, आणि १९८६ मध्ये तो प्रत्यक्षच उभा राहिला.

त्या वर्षी डिस्चार्जने 'ग्रेव्ह न्यू वर्ल्ड' काढली. लय मंदावली, गाणी लांबली, आणि खालच्या पट्टीत ओरडणारा कॅल उंच, ताणलेल्या, हेवी मेटलच्या धाटणीच्या आवाजात गाऊ लागला. १९८२ मध्ये सतरा वर्षांचा असलेला, आपल्या गावात असे काही ऐकणारा कदाचित एकटाच असलेला एखादा मुलगा कल्पावा. चार वर्षे त्याने ती चौदा गाणी हीच आपली ओळख मानली. आता एकविसाव्या वर्षी, बहुधा बेकार असताना, तो नवी तबकडी घरी आणून सुई ठेवतो. त्याला जे वाटले असेल ते 'रसभंग' या शब्दात मावत नाही. अमेरिकेच्या दौऱ्यात तर श्रोत्यांनी रंगमंचावर हाती येईल ते भिरकावले. रोलां बार्थने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली होती; इथला लेखक मेलेला नव्हता, श्रोत्यांसमोर उभा होता, आणि संहिता त्याच्या मालकीची नाही हे त्याला फेकून मारून सांगितले जात होते.

चाहते चूक होते का? तबकडीपुरते बोलायचे तर नव्हते. 'ग्रेव्ह न्यू वर्ल्ड' ही कमकुवत कृती आहे. तिच्यातला उंच आवाज गाणाऱ्याच्या ताब्यात नाही, आणि लांबवलेल्या गाण्यांत लांबीला पुरेल असे काही घडत नाही. क्षितिजापासूनचे अंतर हेच मूल्य मानले तर ही बँडची सर्वश्रेष्ठ निर्मिती ठरावी. तसे कोणी म्हणत नाही, याऊसचे अनुयायीही म्हणणार नाहीत. मात्र चाहत्यांनी दिलेले कारण तपासून घ्यायला हवे. बँड मेटलला विकला गेला, हा त्यांचा मुख्य आरोप. पण १९८२ चा तो जडपणा मेटलच्या श्रोत्यांनीही आपलासा केलाच होता. अँथ्रॅक्सने १९९१ मध्ये आणि मेटालिकाने १९९८ मध्ये डिस्चार्जची गाणी नव्याने मुद्रित केली, ती त्याच ओढीने. एकाच संहितेचे दोन समूह दोन अन्वय लावत होते आणि दोघांनाही ती आपली वाटत होती. १९८६ मध्ये बँडने त्यांतल्या दुसऱ्या समूहाकडे तोंड वळवले. पहिल्या समूहाला जे परके वाटले त्याचे बीज त्याच्याच लाडक्या तबकडीत होते. हे कबूल करणे चाहत्याला जड जाते, आणि टीकाकाराने त्याच्यावर त्यासाठी फार हसू नये. आवडत्या कृतीतील जो अंश आपल्याला ऐकू येत नाही, तो दुसऱ्याला ऐकू आला की रागच येतो.

शेजारीच ठेवण्याजोगे उदाहरण 'ब्लॅक फ्लॅग'चे. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेकडील हर्मोसा बीच या उपनगरातील या बँडने १९८४ च्या 'माय वॉर'ची दुसरी बाजू तीन अतिशय संथ, प्रत्येकी सहा मिनिटांहून मोठ्या गाण्यांनी भरली. वजन वाढले ते वेग सोडून. वेगालाच निष्ठा समजणारे श्रोते तिथेही बिथरले. पण त्या संथपणात धमक होती. वॉशिंग्टन राज्यातील 'मेल्व्हिन्स'सारख्यांनी त्यातून आपली वाट काढली, आणि ती बाजू नंतर आदराने ऐकली जाऊ लागली. 'ग्रेव्ह न्यू वर्ल्ड'चे असे पुनर्मूल्यांकन झाले नाही.

१९८७ मध्ये डिस्चार्ज थांबला. कॅलने १९९१ व १९९३ मध्ये त्या नावाने मेटलच्याच अंगाने आणखी दोन तबकड्या काढल्या. जुन्या श्रोत्यांनी त्यांची दखल घेतली ती नाइलाजाने. २००१ मध्ये १९८० चे सवंगडी पुन्हा एकत्र आले आणि २००२ मध्ये बँडच्याच नावाची तबकडी निघाली. तिचा ध्वनी पुन्हा द्रुत आणि जड होता, म्हणजे मधल्या वीस वर्षांत स्वीडन आणि जपानमधल्या पोरांनी जपून ठेवला होता तसा. त्यानंतर लवकरच कॅल बाहेर पडला. २०१६ च्या 'एन्ड ऑफ डेज'वर आवाज जेफ जानिएकचा आहे. 'जुना डिस्चार्ज परत आला' हा त्या तबकडीविषयी चाहत्यांनी दिलेला कौल. त्या जुन्या डिस्चार्जचा आवाज ज्याचा होता, तो त्या तबकडीवर कुठेही नाही.