साठ सोंगांचा बहुरूपी

फाल्सिपेरम मलेरियाची रक्ताची स्लाइड मी आयुष्यात पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली पाहिली आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये! गिम्सा स्टेनने रंगलेल्या रक्तपेशी, त्यांच्या आत निळसर, नाजूक अंगठ्या, प्रत्येकीवर एक लाल ठिपका. पण जवळजवळ सगळ्या अंगठ्याच, म्हणजे सगळे परजीवी कोवळे. तांबड्या पेशीत त्यांची वाढ चालते तब्बल ४८ तास. मग मोठे झालेले गेले कुठे?

ते रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले असतात! परजीवी वाढला की पेशी ताठर होते आणि ताठर पेशी प्लीहा गाळून काढते. ती वेळ येऊच नये म्हणून हा पठ्ठ्या पेशीवर बारीक उंचवटे उभारतो, त्यांवर स्वतःचं चिकट प्रथिन मांडतो आणि अख्खी पेशी बारीक वाहिनीत अडकवून ठेवतो. मेंदूतल्या वाहिन्या अशा तुंबल्या की सेरेब्रल मलेरिया. किती भयंकर, आणि किती अचाट!

पण प्रथिन बाहेर मांडलं म्हणजे ते शरीराच्या नजरेत येणार, अँटीबॉडी तयार होणार. खरी कमाल इथेच आहे. या प्रथिनाची त्याच्याकडे सुमारे ६० जनुकं आहेत. ‘व्हार’ जनुकं म्हणतात त्यांना. १९९५ साली ती हाती लागली. एका वेळी एकच चालू, बाकीची बंद. एका रूपाविरुद्ध अँटीबॉडी तयार होईपर्यंत काही परजीवींनी दुसरं जनुक चालू केलेलं असतं. शरीर कालच्या सोंगाला ओळखतं, बहुरूपी आज नवं सोंग घेऊन दारात उभा! एका पेशीचा जीव हो हा! आफ्रिकेत लहान मुलं सर्वांत जास्त का दगावतात, हे मला आत्ता कळलं: पुरेशी सोंगं ओळखीची व्हायला वर्षानुवर्षं लागतात.

आणि मग आर-२१ लस! ऑक्सफर्डने विकसित केलेली, आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी; २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. ही लस त्या साठ सोंगांच्या नादी लागतच नाही. डास चावल्यावर परजीवी आधी यकृताकडे धावतो, तेव्हा त्याच्या अंगावर वेगळंच प्रथिन असतं. लस अँटीबॉडी तयार करून ठेवते ती त्या प्रथिनाविरुद्ध. रक्तपेशीत शिरून सोंगं घ्यायला लागण्याआधी, वाटेतच त्याला गाठायचं!