पहिल्या अल्बमच्या दोन बाजू

मेलबर्न, 27 मे

आजपासून रिकन्सिलिएशन वीक. 1967 साली याच तारखेला सार्वमत झालं आणि देशाच्या जनगणनेत आदिवासींना मोजायला 90 टक्क्यांहून जास्त मतदारांनी होकार दिला. दरवर्षी या आठवड्यात रेडिओवर योथू यिंडी या बँडचं 'ट्रीटी' हे गाणं हटकून लागतं. यंदा मी त्याच्या मागे जायचं ठरवलं आहे. 'ट्रीटी' 1991 चं. बँडचा पहिला अल्बम 'होमलँड मूव्हमेंट' 1989 चा. त्याचं नाव फारसं कुणी काढत नाही. रात्री जेवणं उरकल्यावर लावला.

28 मे

ईशान्य आर्नहेम लँडमधल्या यिरकाला गावचे योल्ङू आदिवासी गायक-वादक आणि 'स्वॅम्प जॉकीज' या बँडमधले गोरे वादक 1986 मध्ये एकत्र आले. 1988 मध्ये मिडनाइट ऑइल या रॉक बँडबरोबर अमेरिका-कॅनडाचा दौराही करून आले. अल्बम त्यानंतरचा.

पण जोडी फक्त काळ्या-गोऱ्यांची नव्हे. योल्ङू जगात माणसं, जमीन, प्राणी, वारे, सगळं धुवा आणि यिरिचा या दोन गटांत विभागलेलं. लग्न नेहमी दुसऱ्या गटात, म्हणून प्रत्येकाची आई पलीकडची. मुख्य गायक युनुपिंगू गुमाच कुळाचा, यिरिचा. त्याच्याबरोबर गाणारा, नाचणारा विटियाना मारिका रिरॅचिंगू कुळाचा, धुवा. गिटार येण्याआधीच या बँडमध्ये दोन पक्ष होते आणि त्यांचे एकमेकांशी वागण्याचे नियमही.

30 मे

पहिली बाजू बहुतांशी रॉक: ठोस ड्रम, रागीट गिटार. दुसऱ्या बाजूवर मुख्यतः मनिकाय, म्हणजे कुळांची परंपरागत गाणी. मुलगा अभ्यास सोडून ऐकत बसला होता. म्हणाला, "आई, ही बाजू मिक्स करायची राहिली का?"

राहिली नव्हती. मनिकाय आपल्याच शिस्तीत चालतं. गायक आधी चाल गुणगुणतो, मग बिल्माचे, म्हणजे लाकडी दांड्यांचे, ठोके सुरू होतात, यिडाकीची, म्हणजे डिजरिडूची, घुमणारी फुंक येते. एकेक गाणं अगदी लहान. शेवटी वाद्यं थांबतात आणि नुसता गळा उरतो. लगेच पुढचं. उतरत जाणाऱ्या स्वरांच्या ठेवणीवरून जाणकार कुळ ओळखतो. पूर्वज कुठून आले, कुठल्या खाडीशी थांबले, कशाला काय नाव दिलं, ते त्या गाण्यांत असतं. मुलगा दोन गाण्यांनंतर उठून गेला. मी बसले.

1 जून

मग गिटारीशेजारी काय बसवायचं, हे कसं ठरतं? एक वाट यिरकालात आधीपासून होती. 1930 च्या दशकापासून तिथली तरुण पोरं जाटपांगारी नावाची हलकीफुलकी गाणी करत. विषय रोजचे, अगदी कॉमिकसुद्धा. ती पवित्र नव्हती, त्यामुळे बँडला मोकळा हात मिळाला. पुढे 'ट्रीटी'तही हाच बाज आला. मनिकायवर मात्र कुळाचा हक्क, आणि बोलायचा अधिकार थोरांचा.

वाद्यांचाही प्रश्न होताच. वाळवीने पोखरलेल्या नीलगिरीच्या खोडापासून यिडाकी बनते. तिला भोकं नसतात, मूळ स्वर ठरलेला. तिला खुंटी पिळून वर-खाली करता येत नाही. जुळवून घ्यायचं ते गिटारीने.

2 जून

2013 मध्ये आजच्या दिवशी युनुपिंगू गेले, वयाच्या 56 व्या वर्षी. योल्ङू रीतीप्रमाणे गेलेल्याचं नाव उच्चारत नाहीत, म्हणून तेव्हा बातम्यांत फक्त 'डॉ. युनुपिंगू' होतं. मीही तेवढंच लिहिते. हा अल्बम आला तेव्हा त्यांचं पहिलं नाव वेगळं होतं; त्याच नावाचं घरातलं कुणी वारलं, तेव्हा त्यांनी ते बदललं. पेशाने शिक्षक. 1990 मध्ये यिरकालाच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले, 1992 चे 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर'ही.

त्यांचा पुतण्या यिर्ङा आणि बँडचा बासवादक स्टुअर्ट केलवेचा मुलगा रॉय आज 'किंग स्टिंगरे' या बँडमध्ये आहेत. त्यांचा पहिला अल्बम 2022 चा. मुलाला तो लगेच आवडला. तिथे योल्ङू भाषा, यिडाकी आणि गिटार एकाच गाण्यात सहज नांदतात.

3 जून

माबो दिन. 1992 मध्ये माबो खटल्यात उच्च न्यायालयाने मान्य केलं, की गोरे येण्याआधी ही जमीन बेवारस नव्हती.

यिरकालाला त्याआधी नकार मिळाला होता. बॉक्साइटच्या खाणीविरुद्ध त्यांनी 1963 मध्ये झाडाच्या सालीवर चित्रं काढून संसदेकडे अर्ज केला. खटला झाला, 1971 मध्ये न्यायाधीशांनी योल्ङूंकडे कायद्याची व्यवस्था आहे हे कबूल केलं, पण जमिनीवरची मालकी नाकारली. त्या दशकात अनेक कुटुंबं मिशनचं गाव सोडून आपापल्या कुळाच्या जमिनीवर परतली. अल्बमचं नाव त्या परतण्याचं.

मनिकाय हा त्यांचा सातबारा. म्हणून दुसरी बाजू तशीच ठेवली, असं मी समजते. रॉकच्या बाजूने जगाला ऐकायला बोलवायचं, आणि आलेल्याला मूळ दस्तऐवज दाखवायचा, त्यात खाडाखोड न करता. 'फ्यूजन' म्हणून या अल्बमचं कौतुक होतं तेव्हा हा निर्णय नजरेआड होतो. काय मिसळायचं याइतकंच काय मिसळायचं नाही, हेही इथे गाण्याच्या मालकांनी ठरवलं, आणि तेही न्यायालयाने मालकी मान्य करण्याच्या तीन वर्षं आधी.